आधी चूक, मग पेटी

चौऱ्याऐंशी घरांच्या ताटातली भाजी तुम्ही काढून घेतलीत, आणि वर त्यांच्याच सह्या पुरावा म्हणून जोडल्यात. हो, तुम्हीच. तिसऱ्या मजल्यावर, पंख्याच्या बरोबर खाली जी खुर्ची आहे, तिच्यात बसणारे तुम्ही. जुन्या छापखान्याच्या आवारात दर शनिवारी होणारं भाजीवाटप बंद करणारं पत्र तुम्ही तीन ओळींत उरकलंत. 'चौऱ्याऐंशी सभासदांपैकी एकाहत्तर जण असमाधानी आढळल्याने परवानगी महिनाअखेर रद्द करण्यात येत आहे.' आकडा खरा आहे. तो गोळा करणारी मुलगी खोटं लिहिणारी नव्हती. तरीही पत्र खोटं आहे. ते कसं, हे तुम्हाला एकदा बसून ऐकावंच लागेल. मध्ये प्रेमाची भानगड आली तर कपाळाला आठ्या घालू नका. ती तुमच्याच कागदातून निघाली आहे.

ती तुमच्याच कार्यालयात कंत्राटावर होती. लोकांच्या दारात जायचं, छापील प्रश्न विचारायचे, पाच चौकटींपैकी एकीत खूण करून घ्यायची. 'अत्यंत समाधानी'पासून 'अत्यंत असमाधानी'पर्यंत. पाच म्हणजे स्वर्ग, एक म्हणजे नरक. तुम्ही तिला चार शनिवारांचं काम दिलंत: आवारात टेबल टाकायचं, माणसं ओळखीची करायची, चौथ्या शनिवारी सगळ्यांकडून कागद भरून घ्यायचा.

पहिल्या शनिवारी ती साडेसहाला पोचली. घडीचं टेबल उघडलं, कागदांचा गठ्ठा ठेवला आणि पेन शोधायला पर्समध्ये हात घातला, तेवढ्यात छापखान्याच्या फुटक्या खिडकीतून वाऱ्याचा झोत आला. कागद उडाले. ती एकाच्या मागे धावली तर दुसरा निघाला... दुसऱ्याच्या मागे गेली तर उरलेला गठ्ठा भुर्रकन. मग कुणीतरी त्या गठ्ठ्यावर धपकन एक कोबी ठेवला.

"वारा नऊपर्यंत असाच असतो," कोबीवाला म्हणाला. "नंतर परत द्या. तो शिंपीकाकांच्या पेटीतला आहे."

उंच, किडकिडीत, कोपरापर्यंत मातीनं माखलेला. सभासद त्याला पाठीमागे 'मुळा' म्हणत आणि तोंडावरही म्हणत. ती घाईघाईनं म्हणाली, "ठीक आहे."

"काय ठीक आहे?"

"म्हणजे... कोबी. ठीक आहे."

"डाव्या बाजूनं किडलाय तो. नीट बघा की." आणि तो पेट्या उतरवायला निघून गेला.

तिला राग आला. मदत करायची आणि वर उलटतपासणी घ्यायची, ही कुठली रीत? पण तिनं कोबी उचलून पाहिला. डाव्या बाजूला खरोखरच कीड होती.

हे वाटप कसं चालायचं, ते तुमच्या अहवालात कुठेच नाही, म्हणून इथे. मुळा आणि त्याची थोरली बहीण शहराबाहेर शेती करायचे. दुकान नाही, दलाल नाही. त्या आठवड्यात जमिनीतून जे निघेल त्याचे चौऱ्याऐंशी सारखे वाटे, चौऱ्याऐंशी लाकडी पेट्यांत. निवडानिवड नाही. घरातलं कुणी बीट खात नसेल तर दाराजवळच्या बाकावर बीट ठेवायचं आणि दुसऱ्या कुणी ठेवलेलं गाजर उचलायचं. आणि पेटीला हात लावण्याआधी प्रत्येकानं एक चूक सांगायची. गेल्या शनिवारच्या भाजीत काय वाईट होतं? मुळा ती खडूनं फळ्यावर लिहायचा. 'काही नाही, छान होतं' म्हटलं तर पेटी मिळत नसे. फळ्याच्या वरच्या कडेला रंगानं कायमचं लिहिलं होतं: आधी चूक, मग पेटी.

तिनं सात ते दहा नुसतं ऐकलं. शिंपीकाका म्हणाले, शेंगांना इतका दोरा होता की एका पायजम्याची नाडी निघाली असती. रात्रपाळी संपवून थेट आलेली नर्स म्हणाली, पालकाला अर्धं शेत चिकटून येतं, ड्युटीवरून घरी जाऊन मी माती निवडत बसू का? चौतीस वर्षं शाळा चालवून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत, त्यांनी चष्म्यावरून पाहत सांगितलं की सलग तिसऱ्या आठवड्यात बीट आहे, माझी कवळी गुलाबी व्हायला लागली आहे. मुळ्यानं शांतपणे लिहिलं: बीट – बाईंची कवळी.

आणि एवढं बोलून झाल्यावर कुणी घरी जात नव्हतं. अर्धा अर्धा तास तिथेच. पेट्या पायाशी ठेवून गप्पा, बाकावर अदलाबदल, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या गुडघ्याचं दुखणं. तिनं गेल्याच महिन्यात मोठ्या दुकानाची पाहणी केली होती. तिथे लोक चालता चालता पाचावर खूण करत आणि पेन परत द्यायलाही थांबत नसत.

दहा वाजता ती टेबल मिटत असताना तो एक पेटी घेऊन समोर उभा राहिला. एक सभासद गावाला गेला होता, पेटी उरली होती.

"न्या. पण आधी चूक."

"मी सभासद नाही. मी पाहणीला आलेय."

"मग पाहिलंत ना? सांगा."

तिच्या तोंडून कुणाची चूक कधी निघालीच नव्हती. दूध नासकं निघालं तरी दूधवाल्याला 'ठीक आहे', शिंप्यानं बाही आखूड केली तरी 'ठीक आहे'. शेवटी पुटपुटली, "गाजरं... वाकडी आहेत."

"वाकडी म्हणजे? किती?"

"बरीच. एक तर पायात पाय घालून बसलंय."

तो हसला. हसताना त्याचे कान मागे सरकायचे, हे तिनं पाहणीच्या कागदात कुठे नोंदवलं नाही. त्यानं फळ्यावर लिहिलं: गाजर – बसण्याची ढब.

घरी मावशी होती. आई-वडील गेल्यावर तिला मावशीनंच वाढवलं होतं. मावशीनं पेटीत डोकावून विचारलं, हे काय, लंगडी गाजरं कुठून उचलून आणलीस? मग आठवणीनं मूळ मुद्द्यावर आली. आदल्या आठवड्यात एक स्थळ बघून गेलं होतं, त्यांना काय कळवायचं?

"ठीक आहे मुलगा."

"मग नाही म्हणून कळवते," मावशी गाजर सोलता सोलता म्हणाली. "तुझं 'ठीक आहे' म्हणजे काय, ते कळायला मला सात वर्षं लागली. त्या बिचाऱ्याची सात वर्षं कशाला घालवू?"

दुसऱ्या शनिवारी ती टेबलापाशी आली तर कागदांवर ठेवायला एक भोपळा आधीच आणून ठेवलेला. तिसऱ्या शनिवारी झिमझिम पावसात टेबल ओलं होऊ नये म्हणून त्यानं ते छपराखाली ओढून ठेवलं होतं, नेमकं फळ्याच्या शेजारी. पेट्या देताना मधूनच तो तिच्याकडे पाही. तिनं वर पाहिलं की फळ्याकडे पाही. बाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. म्हणाल्या, मुळ्या, लक्ष कुठे आहे? मला दोन कोबी दिलेस. आणि तिच्याकडे वळून, कानामागून आली आणि तिखट झाली, असं म्हणून त्यांनी दुसरा कोबी परत न करता पेटीत दडपला.

त्या दिवशी तिनं त्याला विचारलं. छापील प्रश्न नव्हता तो. लोकांकडून दर आठवड्याला शिव्या खायची हौस का?

तो पेटीच्या कडेवर टेकला. पहिल्या वर्षी चाळीस घरं होती, असं त्यानं सांगितलं. सगळे म्हणायचे, छान, वा, उत्तम. थंडी संपेपर्यंत त्यातली बावीस घरं सोडून गेली. एकानंही कारण सांगितलं नाही. एक आजीबाई जिन्यात भेटल्या, त्या म्हणाल्या, अरे शेंगा जून असायच्या, पण तू इतका राबतोस, तुला दुखवायचं नव्हतं.

"दुखवायचं नव्हतं म्हणून सोडून गेल्या," तो म्हणाला. "तेव्हापासून मला गोड बोलणाऱ्यांची भीती वाटते. जो भांडतो, तो पुढच्या शनिवारी येतो... जो 'ठीक आहे' म्हणतो ना, तो परत दिसत नाही."

ती भोपळ्याकडे बघत राहिली. ओल्या मातीचा वास छपराखाली कोंडला होता. आपण किती जणांना 'ठीक आहे' म्हणून सोडून आलो, हे ती मनात मोजत होती, आणि यादी लांबत होती.

चौथा शनिवार. आता नीट ऐका, कारण चूक इथे झाली. ती कुणा एकाची नव्हती. टेबल फळ्याला लागून होतं. माणसं फळ्याकडून थेट टेबलाकडे येत होती, तोंडात अजून तक्रार होती, आणि हातात पेन आलं. तिनं मनापासून प्रत्येकाला सांगितलं, मोकळेपणानं लिहा, काही राखून ठेवू नका. त्यांनी राखलं नाही. ज्या आवारात तीन वर्षं चूक सांगितल्याशिवाय भाजी मिळाली नव्हती, तिथल्या माणसांना 'समाधानी आहात का' विचारलं तर ती काय लिहिणार? एकामागून एक... दोन, दोन, दोन, नर्सचा एक. बाईंनीही दोनवर खूण केली. तिनं न राहवून विचारलं, बाई, दोनच?

"चौतीस वर्षांत मी कुणाला पैकीच्या पैकी दिले नाहीत," बाई म्हणाल्या. "दोन म्हणजे सुधारणेला वाव आहे. पोरगं चांगलं आहे, शेफारून नाही ठेवायचं."

सोमवारी तिनं आकडे भरले. खाली बेरीज आली: एकाहत्तर असमाधानी. तिनं ती दोनदा तपासली. पण आकड्यांचा अर्थ लावणं साहेबांचं काम, आपलं फक्त मोजायचं, असं तिनं मनाला बजावलं आणि सही केली. तिची चूक ती एवढीच. तुमची मोठी आहे. तुम्ही ते कागद वाचलेच नाहीत, फक्त बेरीज वाचलीत, आणि आवार गाड्या लावायला मोकळं करून घेतलंत.

बारा दिवसांनी पत्र निघालं. टपाल शिपायाकडे होतं. तिनं ते मागून घेतलं. स्वतः जायला हवं, एवढंच तिला कळत होतं.

आवारात पेट्या लागल्या होत्या. त्यानं पत्र वाचलं, मग मागचा तक्ता वाचला, मग तक्त्याखालची सही. हातातला खडू त्यानं खिशात टाकला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"त्यांनी सांगितलं ते तुम्ही लिहिलंत," तो म्हणाला. "खोटं काही नाही. ठीक आहे."

तो 'ठीक आहे' म्हणाला. तिला त्या शब्दाचा अर्थ सगळ्या जगात सर्वांत चांगला कळत होता.

पत्र हातोहात फिरलं. शिंपीकाका म्हणाले, नाडीचा विनोद केला म्हणून जागा जाते? नर्स भिंतीला टेकून रडायला लागली. दोन दिवस झोप नव्हती, म्हणाली, मी पालकाला एक दिला होता, याला नाही. बाईंनी चष्मा पुसून पत्र वाचलं. मग तिच्यासमोर येऊन म्हणाल्या, मुली, दोन म्हणजे नापास, हे तुला कुणी सांगितलं?

ती तिथूनच साहेबांच्या, म्हणजे तुमच्या, घरी गेली. सुट्टीचा दिवस होता, तुम्ही झाडांना पाणी घालत होता. तिनं सांगितलं, या चार शनिवारांत एकही पेटी नाकारली गेली नाही; एक माणूस गावाला गेला, तेवढीच एक उरली. तुम्ही म्हणालात, ते फॉर्ममध्ये विचारलं नव्हतं. ती म्हणाली, मग तो प्रश्न घाला. तुम्ही म्हणालात, तसा रकाना नाही. रकाना नाही! माणसं पाऊस-चिखल तुडवत येतात, आणि तुमच्याकडे त्याला रकाना नाही.

मग तिनं आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगितलेलं काम केलं. कार्यालयातून मोठ्या दुकानाच्या पाहणीची जुनी यादी काढली. पाचावर खूण करणाऱ्या पन्नास जणांना फोन केला आणि विचारलं, अजून तिथेच जाता का? एकोणीस जण केव्हाच दुसरीकडे वळले होते. का? सहज. जवळ दुसरं उघडलं म्हणून. तक्रार होती का? छे, छान होतं की.

मग संध्याकाळी, एकेक करून, ती चौऱ्याऐंशी घरी गेली. पुठ्ठ्याला कागद लावून, छापील चौकटी नसलेला. एकच प्रश्न: आवार बंद झालं आणि वाटप दूर कुठे हललं, तरी याल का? एक्क्याऐंशी जणांनी हो म्हटलं. त्यातल्या बहुतेकांनी हो म्हणता म्हणता एकेक चूक सांगितली, ती तिनं समासात लिहिली. तिघांनी नाही म्हटलं. तेही तिनं लिहिलं. मग नवीन कागद, जुन्या यादीतले एकोणीस आणि आपल्या सहीचं एक पत्र जोडून तिनं सोमवारी तुमच्या टेबलावर ठेवलं. पत्रात होतं: 'मी चुकीचा प्रश्न विचारला. तो तुम्ही छापला होता, पण विचारला मी.'

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. कंत्राट मात्र लगेच संपवलंत.

महिन्याचा शेवटचा शनिवार उजाडला. ती साडेसहाला आली. टेबल नव्हतं, कागद नव्हते. हातात फक्त एक कापडी पिशवी. ती रांगेत उभी राहिली, शिंपीकाकांच्या मागे. रांग इतकी हळू सरकत होती की जणू कुणालाच पुढे जायचं नव्हतं. तिचा नंबर आला तेव्हा मुळ्यानं वर पाहिलं. बाईंनी त्याला सगळं सांगितलं होतं, हे त्याच्या मागे सरकलेल्या कानांवरून कळत होतं.

"तुम्ही सभासद नाही," तो म्हणाला.

"म्हणूनच आलेय. पंच्याऐंशीवी पेटी हवी."

"आवार उद्यापासून नाही. पेटी कुठून नेणार?"

"तुम्ही जिथे उभे राहाल तिथून."

त्यानं खडू काढला. बोटांत फिरवला. "आधी चूक."

चौऱ्याऐंशी घरं आणि त्यांच्या पेट्या, सगळे कान देऊन. तिनं श्वास घेतला.

"चूक तुमची आहे. तुम्ही दर आठवड्याला प्रत्येकाला विचारता, काय चुकलं. काय हवंय, हे कधी कुणाला विचारत नाही. मला पण नाही विचारलंत. भोपळे ठेवत बसलात."

खडू फळ्यावर टेकला आणि तिथेच राहिला. मागून शिंपीकाका हळूच म्हणाले, लिही की, लिही. त्यानं काही लिहिलं नाही. वळला.

"काय हवंय तुला?"

'तुला' म्हणाला. दोघांनाही ते ऐकू गेलं, आणि दोघांनीही दुरुस्त केलं नाही.

"ही पेटी जड आहे," ती म्हणाली. "मला एकटीला उचलायची नाही. आजही नाही... आणि पुढेही नाही."

तो पेटीच्या पलीकडून अलीकडे आला. एका बाजूची कड त्यानं धरली, दुसऱ्या बाजूची तिनं. मध्ये एक गाजर होतं, पायात पाय घालून बसलेलं. मुद्दाम ठेवलेलं असावं. पेटी उचलली, पण दोघंही जागचे हलले नाहीत.

"बहिणीला भेटायला येशील?" त्यानं हळूच विचारलं. "शेतावर. उद्या."

"ठीक आहे."

त्याचा चेहरा उतरला. तो उतरलेला तिनं पाहिला, आणि तिला हसू आलं. इतक्या शनिवारांत पहिल्यांदा इतकं मोकळं.

"विचार ना मग. ठीक आहे म्हणजे किती?"

"किती?" तो म्हणाला. "पाचपैकी?"

"दोन."

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि ठणकावून सांगितलं की यापेक्षा जास्त या आवारात कुणालाच मिळालेले नाहीत.

त्याला आता पाच शनिवार झाले. आवाराला तुमचं कुलूप आहे. आत एकही गाडी लागलेली नाही. वाटप कालव्यापलीकडच्या रस्त्याच्या कडेला होतं, उन्हात, टेम्पोच्या मागून. फळा झाडाला टांगला आहे. नर्सला दोन बस बदलाव्या लागतात, बाईंना रिक्षा, आणि दोघी दर शनिवारी येऊन त्याबद्दल भांडतात. जे तिघं नाही म्हणाले होते, त्यातले दोघं आले. पेट्या आता तिच्या आणि त्याच्या अशा चार हातांनी उतरतात. मावशी पण येते, गाजरांवर बोलायला.

तिचं पत्र अजून तुमच्या टेबलावर आहे. ते 'ठीक आहे' म्हणून बाजूला सारू नका. त्या शब्दाचा अर्थ इथे सगळ्यांना माहीत आहे. ज्या एकाहत्तर माणसांना तुम्ही असमाधानी ठरवलंत, ती तुमच्या दाराशी येऊन हेच विचारणार आहेत, म्हणून आधीच विचारून ठेवलेलं बरं. कुलूप कधी काढता? तारीख सांगा.